धाकटीची आश्विनी

या आश्विनीत माझा फायदा काय होता, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की श्याम सरांनी लेकीच्या आडून स्वतःचं घोडं दामटलं. दामटलं होतंच, पण निदान सांगून दामटलं!

पहिला फायदा असा, की आमच्या शाळेतली पर्यवेक्षकाची खुर्ची दिवाळीनंतर रिकामी होणार होती आणि संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव वकील कोजागिरीचं दूध प्यायला खास आमच्याकडे येणार होते. दुसरा घरगुती. ‘तुमच्यानं एक निर्णय होत नाही’ हे वाक्य माधवी, म्हणजे आमची सौभाग्यवती, गेली सोळा वर्षं फोडणीसारखं रोज देत आली आहे. ते कायमचं बंद पडणार होतं. आणि तिसरा म्हणजे सबंध अमरावतीत ‘बोलतो तसा वागणारा माणूस’ म्हणून माझं नाव होणार होतं.

नुकसान? मी वीस वर्षं गणित शिकवतो. शोध शोध शोधलं, सापडलं नाही.

आता आश्विनी म्हणजे काय, हे पुण्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. कोजागिरीला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळायचं. त्याला नवे कपडे, पाट, पाटाभोवती रांगोळी, आईच्या हातात निरांजन. ज्येष्ठ अपत्य पासष्ट वर्षांचं असो, टक्कल पडलेलं असो, त्याची आई असेल तर ती त्याला पाटावर बसवते. आणि धाकटे? धाकटे ताट धरतात. मी स्वतः दोन भावांतला धाकटा. अकोल्याला मोरोपंतदादाच्या आश्विनीचं ताट मी इतकी वर्षं धरलं, की माझा डावा हात अजून आपोआप आडवा होतो!

झालं असं. सप्टेंबरात शाळेत पालक मेळावा होता. नागपूरहून येणारे व्याख्याते आलेच नाहीत, आणि चाळीस मिनिटं भरून काढायची जबाबदारी सूत्रसंचालक म्हणून माझ्यावर पडली. मी सुटलो! “पालकहो, चार लोक काय म्हणतील, या भीतीपायी आपण आपल्या लेकरांना मागच्या रांगेत बसवतो! त्या लेकरांना एकदा कळू द्या, की त्या चार लोकांपेक्षा तुम्ही आम्हाला जास्त आहात!” टाळ्या अशा पडल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली. भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. माझे प्रतिस्पर्धी देवराव सर खिडकीबाहेर पाहू लागले.

तिसऱ्या रांगेत आमची जुईली बसली होती. इयत्ता चौथी. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती ऐकत होती. मुलं ऐकत असतात, हे भाषण करताना कोणी लक्षात घेत नाही.

कोजागिरीच्या आधी आठवडाभर, मी दाढी करत असताना ती आली.

“बाबा, माही आश्विनी काहून नाही करत?”

“कारण तू धाकटी आहेस.”

“मंग तुमाले तसं वाटते का लोकायले वाटते?”

वस्तरा गालावर थांबला. वकिलाच्या कुळात जन्माला आली असती तर हिनं साक्षीदार रडवले असते!

“दादाले दरवर्षी नवे कपडे. दादाले पाट. मी ताट धरते. हात दुखला तरी धरते. तुमी मेळाव्यात म्हटलं होतं, चार लोकायपेक्षा आमी जास्त.” मग जरा थांबून, “ते खरं होतं का नुसतं म्हटलं?”

अर्धा गाल फेसाचा, अर्धा गाल तत्त्वाचा. मी आरशातल्या स्वतःकडे पाहिलं. तो माणूस मला आवडला. “यंदा तुझी आश्विनी!” मी गर्जलो. “घर भरून लोक बोलावू!”

ईशानला विचारलं. तो नववीत आहे. ओठावर मिशीची नुसती बातमी आली आहे.

“करा ना तिचीच!” तो म्हणाला. “मी पाटावर बसतो, आई ओवाळते, अन् कोणीतरी फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकते. वर्गातले पोट्टे मले वर्षभर ‘बाळराजे’ म्हणून राहिले! मी नाही बसत बाप्पा!”

म्हणजे मुलगी खूश, मुलगा सुटलेला. माधवी तेवढी म्हणाली, “दोघायलेही बसवा ना शेजारी शेजारी.” पण ईशान ऐकेना आणि मी निर्णय घेण्याच्या तंद्रीत होतो. अशी तंद्री मला क्वचित लागते, म्हणून उतरवत नाही.

जुईलीनं आमंत्रणपत्रिका स्वतः केल्या. स्केचपेननं चंद्र, चंद्राला टिकली, आणि खाली मजकूर: ‘माझी आश्विनी आहे. सगळ्यांनी या. दूध आहे. (दादा बसणार नाही.)’

तो कंस! माझ्या आयुष्यात इतकं नुकसान कुठल्या कंसानं केलेलं नाही, आणि मी कंस शिकवतो!

पहिली पत्रिका तळमजल्यावरच्या गोदाबाईंना गेली. गोदाबाई फाटकाजवळ खुर्ची टाकून भाजी निवडतात. कोण किती वाजता आलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, कोणाचा पाहुणा जेवून गेला आणि कोणाचा न जेवता, ही सगळी नोंद त्यांच्याकडे असते. सरकारी कचेरीत चूक निघेल. गोदाबाईंकडे निघत नाही.

त्यांनी त्या पत्रिकेवर कसा विचार केला, हे मला मागाहून त्यांच्याच तोंडून कळलं.

“आश्विनी ज्येष्ठाची असते का नाई? असते. ते जुईलीची हाय. म्हंजे त्या घरात ज्येष्ठ जुईली. मंग ईशान कोन?”

पायऱ्या बघा! एकही चुकलेली नाही. पण पुढची पायरी ऐका.

“मी म्हटलं, सरनं रीत मोडली असन काय? छ्या! तो मानूस? मांजर आडवी गेली तं स्कूटर बंद करून उभा राह्यते! शेजाऱ्याच्या घरी पांढरा रंग देला तं यानं बी पांढराच देला! तो रीत मोडन? मंग रायलं काय? पोरगा त्याईचा नाई!”

माझ्या भित्रेपणावर कॉलनीचा एवढा विश्वास होता, की मी एक गोष्ट धीटपणे केली यापेक्षा मी चौदा वर्षं एक मूल लपवलं हे त्यांना सोपं वाटलं!

आणि पुरावे? आम्ही या कॉलनीत राहायला आलो तेव्हा ईशान वर्षाचा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे वरूडला झालेलं. “पोटुशी कोनी पायली तिले? जुईलीच्या वक्ती पायली. ईशानच्या वक्ती कोनी पायली?” कोणीच नाही! इथं कोणी नव्हतंच पाहायला! पण हा मुद्दा मांडायला मी तिथं नव्हतो.

संध्याकाळपर्यंत ईशान दत्तक झाला. दुसऱ्या दिवशी दूध येईपर्यंत तो वरूडच्या अनाथाश्रमातून आणलेलं बाळ झाला. दुपारी बातमी अकोल्याला पोचली. आमच्या सिंधूआत्या, माझ्या वडिलांच्या बहीण, गोदाबाईंच्या जुन्या मैत्रीण. दोघी रोज फोनवर असतात. एसटीला बडनेरा, मूर्तिजापूर थांबे आहेत. या बातमीला तेही नव्हते.

मला काय दिसत होतं? मला फक्त जमा बाजू दिसत होती! किराणा दुकानदार उठून उभा राहिला. सकाळी फिरायला येणारे एक काका हात जोडून म्हणाले, “सर, तुमच्यासारखे लोक हायेत म्हणून पाणी पडते.” शाळेत तर कमालच झाली. देवराव सरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे भरलेले! “श्यामराव, तुमच्यापुढं मी कोण? मी त्या खुर्चीचा विचार सोडला.”

मला वाटलं, भाषणाचा असर महिन्याभरानं होतो आहे. पाणी मुरायला वेळ लागतोच. फायदा होत असताना माणूस ‘काहून?’ विचारत नाही. मीही नाही विचारलं.

ईशानची वेगळीच दिवाळी चालली होती. गोदाबाईंनी बाजारातून दह्यात बुडवलेला गीला वडा मागवून खाऊ घातला. समोरच्या इमारतीतून क्रिकेटची बॅट आली. कोणी कचोरी, कोणी पेनांचा संच. पोट्टा जिन्यात मान खाली घालून उभा राही आणि वर येताना हात भरून येई!

“हे सगळं कशाबद्दल रे?”

“लोक प्रेमानं देऊन राहिले बाबा. नाही काहून म्हणू?”

मागाहून कळलं की दुसऱ्याच दिवशी त्याला सगळा प्रकार समजला होता. “मी कुठं खोटं बोललो?” तो म्हणाला. “त्यायनं विचारलं, ‘तुले वाईट वाटते काय बाळा?’ मी म्हटलं, ‘आता सवय झाली, काकू.’”

आणि जुईली? तिच्या खात्यात काय पडत होतं, ते मी पाहिलंच नाही. खाली खेळायला गेली की परत लवकर येई. नवा घागरा आणला, तो तिनं एकदाच घालून पाहिला. कोजागिरीच्या सकाळी मी कप मोजत होतो, तेव्हा बाजूला येऊन उभी राहिली.

“बाबा, मी नाही बसली तं तुमाले बरं वाटन काय?”

“छे छे! बस ना! तेवीस, चोवीस... हा कप फुटका आहे का बघ.”

तिनं कप पाहिला. फुटका नव्हता. ती निघून गेली.

संध्याकाळी सिंधूआत्या अकोल्याहून हजर! बोलावलं नव्हतं. वय अडुसष्ट, हातात दोन पिशव्या, डोळ्याला पदर. आल्या त्या थेट ईशानच्या गळ्यात पडल्या.

“तू आमचाच हायेस रे राजा! कोनी काही म्हणो!”

“हो आजी,” ईशान म्हणाला आणि पिशवीत वाकून पाहिलं. दोन शर्ट होते.

माझ्याकडे वळून आत्या म्हणाल्या, “श्याम्या, चौदा वर्ष मनात ठेवलं! मले बी नाही सांगितलं! मन मोठं हाय तुह्यं, पण आज जे करून राहिला ते बरं नाही.” मला वाटलं, आत्याचं वय झालं. मी पंखा सुरू केला.

मग लोक येऊ लागले. बोलावले होते पंचवीस; आले साठ! जिन्यात रांग! माधवीनं दुधात पाणी घातलं, मग पाण्यात दूध घातलं. बायका ईशानच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे जात आणि पाटावर बसलेल्या जुईलीकडे पाहून जीभ टाळूला लावून च्यक् करत. ती नव्या घागऱ्यात, कपाळाला चंद्रकोर, पाय पोटाशी घेऊन बसली होती. एवढ्या मानाच्या पाटावर इतकं अंग चोरून बसलेलं मूल मी पाहिलं नव्हतं.

भगवंतराव आले. पांढरं धोतर, काळा कोट, हातात काठी. त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. घसा खाकरला.

“मंडळी, श्यामरावांनी मेळाव्यात भाषण केलं तेव्हा मी भारावलो. पण हा माणूस ते चौदा वर्षं जगत होता, हे मला परवा कळलं. एका परक्या लेकराला पोटच्यासारखं वाढवलं! पर्यवेक्षकाच्या खुर्चीत असाच माणूस पाहिजे!”

टाळ्या! देवराव सरांनी सर्वांत जोरात वाजवल्या. मी हात जोडले. मग माझ्या डोक्यात ‘परक्या लेकराला’ हे शब्द पोचले.

“पण श्यामराव,” भगवंतरावांनी काठी ईशानकडे केली, “पोटची मुलगी झाली म्हणून त्या मुलाला पाटावरून उठवायचं? चार लोक काय म्हणतील? मान ज्येष्ठाचा. रक्त कुठलंही असो. त्याला बसवा तिथं. आमच्या हातानं नारळ देतो.”

चार दिवसांचा हिशेब एका क्षणात जुळला! किराणा दुकानदार, फिरायला येणारे काका, देवरावांचे डोळे, बॅट, कचोरी! मी ईशानकडे पाहिलं. त्यानं बॅट हळूच सोफ्यामागे सरकवली.

आणि खरं सांगतो, लपवत नाही. मी उत्तर मनात काढलं. तोंड मिटून ठेवायचं. जुईलीला हाताला धरून उठवायचं, ईशानला बसवायचं. एका मिनिटाचं काम. खुर्ची माझी, संत म्हणून नाव माझं आणि साठ लोक खूश! मी एक पाऊल टाकलंसुद्धा.

पण मी पोचायच्या आत जुईली स्वतःच उठली.

“दादाले बसवा,” ती म्हणाली. “मले तशी भूकच लागली हाय.”

आणि तिनं पाटाशेजारी ठेवलेलं ओवाळणीचं ताट उचललं. दोन्ही हातांवर, आडवं, छातीशी. डावा हात जरा वर. कोणी शिकवलं नव्हतं. तो हात मी ओळखला.

“ताट ठेव खाली!” मी ओरडलो. म्हणजे ओरडायचं होतं. आवाज निघाला तो प्रेशर कुकरच्या पहिल्या शिटीसारखा. “ती बसली होती. ती बसेल. आणि ईशान आमचाच आहे! जन्मापासून! माझाच आहे तो!”

“आता लपवू नका श्यामराव—” भगवंतराव.

“कोन म्हणते दत्तक?” माधवी स्वयंपाकघरातून आली, हातात दुधाची पळी. वरूडचा आवाज! संत्र्याच्या बगिच्यात या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय! “चौदा घंटे बोंबलली मी दवाखान्यात! टाके दाखवू काय तुमाले? दाखवू?”

“नको! नको!” भगवंतराव दोन पावलं मागे सरले.

“मंग त्याचे कान पाहा, अन् याईचे कान पाहा!”

साठ जणांनी आमचे कान पाहिले. माझे कान सुपासारखे आहेत, हे मला शाळेत मुलं फळ्यावर काढून दाखवतात. ईशानचे तेच, जरा नवे. खोलीत ‘अय्योऽऽ’ असा एकच आवाज झाला.

“मायबाई!” गोदाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “कानाकडे माह्यं ध्यानच नाई गेलं!”

“मग ज्येष्ठ मुलगा समोर असताना,” भगवंतराव आता वकिलाच्या आवाजात आले, “धाकटीला ओवाळण्याचं कारण काय?”

चाळीस मिनिटं भाषण करणारा मी. एकही वाक्य आठवेना! गुडघे असे हलत होते की धोतर नेसलेलो नव्हतो ते बरं.

“तिनं मागितलं,” मी म्हणालो.

“एवढंच?”

“एवढंच. मीच म्हणालो होतो साहेब, चार लोकांपेक्षा लेकरं जास्त. तुम्ही चष्मा पुसला होता.”

“अहो, ते भाषण होतं!”

माधवीनं तोवर जुईलीला खांद्यांना धरून पाटावर बसवलं होतं. निरांजन पेटवलं. सुपारी फिरली, अंगठी फिरली, कापूस डोक्याला लागला. जुईलीनं पाय सोडले, पाठ ताठ केली आणि साठच्या साठ लोकांकडे एकेक करून पाहिलं. जणू हजेरी घेत होती.

ओवाळून झालं. ती उठते न उठते तोच सिंधूआत्यांनी पिशवी खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात रोवत पाटावर बसल्या!

“आत्या, हे काय?”

“मी बी दुसरीच हाय रे. आमच्या घरी थोरल्या सखारामदादाले ओवाळे, मी दिव्यात तेल घालो. अडुसष्ट वर्ष झाले. माधवी, घे वं ताट!”

आत्यांनंतर गोदाबाई. त्या पाच बहिणींत चौथ्या! मग किराणा दुकानदार. मग देवराव सर, लाजत लाजत, रुमाल डोक्यावर घेऊन! वऱ्हाडात एवढे धाकटे लोक असतील याची मला कल्पना नव्हती. निरांजनातलं तूप तीनदा संपलं. जुईली ताट धरून उभी होती आणि मोठ्या थाटात एकेकाला नंबर देत होती.

भगवंतराव तेवढे उभेच. ते सात भावंडांत थोरले. “बंद्यायनंच बसायचं तं थोरल्याले रायलं काय?” एवढं शुद्ध वऱ्हाडी (बंदे म्हणजे सगळे!) मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. नारळ काखेत मारून, दूध न पिता ते गेले.

आता शेवटचा हिशेब. ईशानला बॅट, दोन शर्ट, पेनं आणि चार दिवसांचा गीला वडा. परत मागायला कोणी आलं नाही, कारण मागायचं तर आपण काय समजलो होतो ते सांगावं लागलं असतं. सिंधूआत्या चार दिवस राहिल्या आणि जाताना पाट घेऊन गेल्या. गोदाबाईंची नोंदवही जराही डागाळली नाही. त्या आता ‘मी तं कान पाहूनच वळखलं होतं’ असं सांगतात. खुर्ची देवराव सरांना मिळाली. ओवाळून घेतल्याचं त्यांनी अध्यक्षांना सांगितलं नसावं. माधवीचं ते जुनं वाक्य बंद झालं. आता ‘विचारल्याबिगर निर्णय घेऊ नका’ हे नवं सुरू आहे. बाकी सगळं माझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसलेल्या जुईलीला मी विचारलं, “काय, कशी झाली आश्विनी?”

“मस्त,” ती म्हणाली. मग माझ्या पाठीला गाल लावून, “तुमी लय भ्यायले होते ना बाबा? तुमचे पाय लटलट कापून राहिले होते. मी पाह्यलं. तरी बोलले.”

चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबून होतो. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू देत!

“पुढल्या वर्षी,” ती म्हणाली, “एवढं भेऊ नका.”

पुढल्या वर्षी!